मे महिन्यातलं हिरवं

भीमाबाईच्या हातचं बी म्हटलं की गारमाळवाडीची माणसं पाऊस यायच्या आधीच निम्मी निश्चिंत व्हायची. दुकानातल्या पिशवीवर कसली कसली चित्रं असतात, पण उगवायच्या वेळी ती चित्रं काही मदतीला येत नाहीत, हे लोकांनी दोनदा भोगलं होतं. म्हातारीचं सोयाबीन मात्र शंभर दाणे टाकले तर नव्वद मान वर काढणारच. जानेवारीत ती आपल्या विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर उन्हाळी सोयाबीन करायची, ते फक्त बियाण्यासाठी. मळणीयंत्राच्या वाटेला जायची नाही. दाण्याचं साल फुटतं म्हणून काठीनं हलक्या हातानं झोडपायची. जूनमध्ये ज्याला पाहिजे त्यानं पोतं न्यायचं आणि सुगीला त्याच्या बदल्यात सव्वा पोतं आणून टाकायचं. चिठ्ठी नाही, सही नाही. सगळा कारभार जिभेवर चालायचा.

त्या सव्वा पोत्यांवर तिच्या लेकाचा, कल्याणचा कोयता चार वर्षं सुटला होता.

कोयता सुटला म्हणजे काय, ते पाथर्डीकडच्या माणसालाच विचारावं. दसरा झाला की निम्मी गावं ट्रकमध्ये चढतात आणि साखर कारखान्याच्या उसाच्या फडात जाऊन पडतात. घरी राहतात म्हातारी, कुत्री आणि कुलपं. भीमाबाईनं स्वतः बावीस हंगाम ऊस तोडला. कल्याण फडावरच्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत जन्मला. तिसऱ्या दिवशी त्याला पाचटावर निजवून ती मोळ्या बांधायला उभी राहिली होती. हे सगळं तिनं सोसलं, पण सून सुरेखा सहा महिन्यांची पोटुशी असताना डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढली आणि घसरली, ते मूल गेलं, तेव्हा म्हातारी फडातच बसून राहिली. "आता माझ्या घरातनं कोयता न्हाई," एवढंच बोलली. पुढच्या वर्षी तिनं बियाण्याचं काम काढलं. नंतर सुरेखाला मुलगी झाली. ती आता दोन वर्षांची होती, आणि फड म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.

बी द्यायची भीमाबाईची एक रीत होती. पेरणीच्या दिवशी तांबडं फुटायला ती लिंबाखाली गोणपाट अंथरायची, गुळाचं पाणी करायची, त्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणलेलं जिवाणूचं पाकीट कालवायची आणि दोन्ही हातांनी बियाण्याला चोळायची. नेणाऱ्याला बजावायची, "सावलीत ठिव. ह्यो जित्ता माल हाय. ऊन लागलं तर मरंल, मग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई." लोक हसायचे, पण पोत्यावर ओलं फडकं टाकूनच न्यायचे.

यंदाही सगळं तसंच झालं. पेरा वेळेवर झाला, उगवण अशी की वरंब्यात बोट घालायला जागा नाही. जुलै सरत आला तेव्हा बायका खुरपायला बसल्या होत्या. सावडीतली, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबणाऱ्या बायकांतली, छबूबाई भीमाबाईच्या शेजारच्या ओळीत होती. एकाएकी तिचं खुरपं थांबलं.

"भीमाबाई, ह्ये बघ गं. पानाला हळद लागल्यावानी झालंय."

भीमाबाईनं पान हातात घेतलं. अर्धं हिरवं, अर्धं पिवळं, मध्येच गोळा झाल्यासारखं. तिनं ते पान चोळलं, वास घेतला, आणि टाकून दिलं.

"पानी साचलं असंल. निचरा झाला की सुधारंल."

सुधारलं नाही. आठ दिवसांत विहिरीकडच्या कोपऱ्यात झाडाझाडाला पिवळे ठिपके आले. बांधापलीकडं काकासाहेबाचं तीन एकर होतं, तिथं तर त्याहून वाईट. काकासाहेब भावकीतलाच, भीमाबाईचा चुलतपुतण्या. माणूस मेहनती, पण तापट, दुधासारखा उतू जाणारा. त्याला वाटलं झाडं उपाशी आहेत. त्यानं दोन पोती युरिया फेकला. रान चार दिवस गर्द दिसलं आणि पाचव्या दिवसापासून दुप्पट पिवळं पडत गेलं.

मग एके दिवशी सकाळी भीमाबाई डेअरीवर दूध घालायला गेली. पंधरावीस माणसं किटल्या घेऊन उभी होती. काकासाहेब तिला बघून पुढं आला.

"काकू, बी कसलं दिलंस तू आमाला?"

"जे मी पेरलं त्येच."

"त्येच म्हनतोय मी. तुझंबी पिवळं, माझंबी पिवळं, गोरक्षनाथाच्या मळ्यातबी लागलंय. बी एक, रोग एक. म्हंजी रोग बियातनंच आला का न्हाई? सांग की!"

"चार वरसं न्हाई आला तो?"

"चार वरसं नीट दिलं असशील. औंदा काय घातलंस त्यात कुनास ठावं. पाकिटं चोळती, गूळ लावती. नको नको ते जंतू आमच्या रानात सोडलं तू!"

भीमाबाईनं आजूबाजूला पाहिलं. गोरक्षनाथ तिच्याकडूनच बी नेणारा, उगवण झाल्यावर दारात येऊन "मावशी, सोनं दिलंस" म्हणणारा. तो किटलीत डोकावून बघत होता, जणू दूध नासलंय की काय ते त्याला आत्ताच बघायचं होतं. कोणी 'नाही' म्हणालं नाही. कोणी 'हो'ही म्हणालं नाही. तिनं दूध घातलं, किटली विसळली आणि घरी आली. बावीस हंगाम ऊस तोडताना मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण त्यातली एकही तिनं अशी घरापर्यंत आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या रानात सावडीच्या पाच बायका यायच्या होत्या. तिनं त्यांच्याकडं प्रत्येकी एक दिवस भरून दिला होता. ऊन चांगलं वर आलं तरी कोणी नाही. अखेर छबूबाई आली ती बांधावरच थांबली.

"पोरीला ताप हाय गं. आजचा दिस न्हाई जमायचं."

"आन बाकीच्या चौघींच्या पोरींनाबी ताप हाय का?"

छबूबाईनं पदर तोंडाशी धरला. "तुझ्या रानातनं आलं की लुगड्याला चिकटून रोग आपल्या रानात येतो, असं म्हनत्यात. मी म्हनत न्हाई. माझा मालक म्हनतो."

"जा बाई," भीमाबाई म्हणाली. "मालकाचं ऐक."

त्या दिवशी सासू-सुनांनीच सगळ्या ओळी ओढल्या. पोरगी बांधावर चिखलात बसून खेळत होती.

आणि अशा बातम्या कशा पसरतात बघा. चारच दिवसांत ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या श्रीमंत नावाच्या मुकादमाची मोटारसायकल दारात उभी राहिली. चार वर्षांत हा माणूस या दाराकडं फिरकला नव्हता. बाजेवर बसून त्यानं बशीत चहा ओतला.

"मावशी, औंदा कल्याणची जोडी मोकळी हाय म्हनं."

"कोन म्हनलं?"

"गाव म्हनतंय. बी घ्यायला आता कोन येनार न्हाई, मग घरात बसून काय करनार? माझी टोळी चांगली हाय. सुरेखाला हलकं काम देतो. उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करंल."

आत सुरेखा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. भीमाबाईला पाठ वळवूनही कळलं की आत सून तशीच परातीवर हात ठेवून बसली आहे.

"पोळ्यापस्तोर थांब," भीमाबाई म्हणाली.

"पोळ्यानंतर जागा भरत्यात, मावशी."

"भरू दे."

तो गेल्यावर कल्याणनं जिवाणूच्या पाकिटावरचा फोन नंबर शोधला. तिसऱ्या दिवशी राहुरीहून अश्विनी नावाची बाई आली. पिकांच्या रोगांवर काम करणारी, वयानं सुरेखाएवढीच, डोक्याला टोपी, पायात बूट. ती आली म्हटल्यावर अर्धं गाव बांधावर जमा झालं. बघायला फुकट मिळत असलं की गारमाळवाडीला वेळच वेळ असतो. काकासाहेब सगळ्यांच्या पुढं.

अश्विनीनं पहिल्यांदा एक झाड अलगद मुळासकट उपटलं आणि बादलीत धुतलं. मुळांना बाजरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी लोंबत होत्या. तिनं एक गाठ ब्लेडनं कापून भीमाबाईपुढं धरली. आतून ती गुलाबी होती, कोवळ्या हिरडीसारखी.

"आजी, हे तुमचे जिवाणू. जिवंत आहेत आणि कामाला लागलेत. हवेतलं खत ओढून झाडाला देतात. अशा गाठी मला तालुक्यात फार कमी ठिकाणी दिसल्या."

भीमाबाईला बरं वाटलं. पंधरा दिवसांत तिला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

मग अश्विनीनं झाडाचं पान उलटं केलं आणि टिचकी मारली. पिठासारखे पांढरे कण उडाले आणि पुढच्या झाडावर बसले.

"आणि ही पांढरी माशी. रोग विषाणूचा आहे. पिवळा मोझॅक म्हणतात. ही माशी रोगट झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडाला तोंड लावते, की झालं. हा रोग बियातून येत नाही. चोळलेल्या जिवाणूंचा तर काहीच संबंध नाही. पिवळी झाडं उपटा, खड्ड्यात पुरा. निंबोळी अर्क मारा. युरिया मुळीच टाकू नका, कोवळ्या पानावर माशी जास्त बसते."

युरियाचं नाव निघताच दोघं-तिघं काकासाहेबाकडं बघून हसले. तो चिडला.

"म्याडम, ह्ये कागदावर असंल. आमी डोळ्यानं बघतो ते खोटं का?"

अश्विनी विहिरीकडच्या कोपऱ्याकडं बघत होती. "माशीला रोग कुठून तरी उचलावा लागतो. उन्हाळ्यात इथं आसपास काही उभं होतं का? सोयाबीन, मूग, असं काही हिरवं?"

भीमाबाईनं तोंड उघडलं. तिच्या आधी कल्याण बोलला.

"न्हाई, म्याडम. उन्हाळी हुतं, पन एप्रिललाच काढलं."

काकासाहेबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

कल्याण खोटं बोलला असं म्हणता यायचं नाही. पीक एप्रिललाच निघालं होतं. पण शेंगा तडकून दाणे सांडले होते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अवकाळीचा एक सडाका आला तसे विहिरीकडच्या कोपऱ्यात ते उगवले. तीनचार गुंठ्यांचा तुकडा. चहूकडं रान तव्यासारखं, टेकड्या बोडक्या, जनावरं गोठ्यात काड्या चघळतायत, आणि मध्ये तेवढा हिरवागार. अखेर भीमाबाईचा तो उपटायला जीव धजला नाही. या मुलखात मे महिन्यात हिरवं कोणी उपटत नाही. तिनं उलट विहिरीच्या तळाचं पाणी त्याला दिलं. तिच्या म्हशीला झालं, दोन-चार घरच्या जनावरांना पेंढी-पेंढी झालं. त्यातली काही पानं पिवळी होती. तिला वाटलं, ऊन लागलं असंल.

हे सगळं तिला त्या क्षणी आठवलं, पण अजून पुरतं उमजलं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच होतं, बियाण्यावरचा डाग.

"बाई," ती अश्विनीला म्हणाली, "बी चांगलं हाय, ह्ये ह्या लोकांना डोळ्यानं दावता यील का?"

"येईल की. उरलंय का बी?"

"पायलीभर हाय."

"मग दोन घमेल्यांत लावा. एक उघडं ठेवा, एक झाकून टाका, माशी आत जाणार नाही असं. बी रोगट असेल तर दोन्हीतली झाडं पिवळी पडतील."

सुरेखा धावत जाऊन पोरीची मच्छरदाणी घेऊन आली. अश्विनीनं ती उजेडाकडं धरली. "यातून ही माशी सहज जाईल. याहून बारीक कापड पाहिजे."

भीमाबाई घरात गेली. पेटीच्या तळाशी म्हाताऱ्याचं मलमली धोतर होतं. लग्नकार्याला नेसायचा. तो गेल्यावर तिनं ते कुणाला दिलं नव्हतं. तिनं ते बाहेर आणलं, अश्विनीनं उजेडाला धरून मान हलवली, आणि भीमाबाईनं दातानं काठ तोडून ते मधोमध टरकावलं. कल्याण "आये" म्हणाला, तोवर फाडून झालं होतं.

वेशीबाहेर मारुतीचं देऊळ आहे. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला काकासाहेबाचं रान. तिथल्या ओट्यावर दोन्ही घमेली ठेवली. एकावर काड्यांचा मांडव करून धोतर ताणलं, कड चिखलानं लिंपली. पाणी घालायचं ते कापडावरूनच. राखणीला गोरक्षनाथ नेमला, कारण त्याचं रान कमी बिघडलं होतं आणि तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. खरं म्हणजे तो नेहमीच कोणाच्या बाजूचा नसतो, पण इथं त्याचा उपयोग झाला.

इकडं सासू-सून पिवळी झाडं उपटायला लागल्या. वाकायचं, बुडाशी धरायचं, उपटायचं, गोणीत दाबायचं, गोणी पाठीवर घेऊन खड्ड्यावर ओतायची. पानांच्या लवेनं हात खाजायचे, मानेला घामोळं उठलं. भीमाबाईची कंबर दुपारनंतर सरळ होईना. मग ती गुडघ्यावर रांगतच पुढं सरकायची. हाताशी आलेलं, फुलावर आलेलं पीक आपल्याच हातानं उपटताना सुरेखाच्या डोळ्यांना धार लागायची. म्हातारी म्हणायची, "रडू नको, हात चालव."

आठव्या दिवशी त्यांच्या रानातली पिवळी झाडं उपटून झाली. भीमाबाई मधल्या वरंब्यावर पाणी प्यायला बसली आणि तिनं सहज रानभर नजर फिरवली. लांबच्या टोकाला, माळाच्या बाजूला, एका ओळीत दोन झाडं निघाली होती, चार निघाली होती. मध्यावर पाटीभर. आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात ओळीच्या ओळी साफ. तिनं बांधापलीकडं बघितलं. काकासाहेबाचं रानही तसंच. तिच्या कोपऱ्याला लागून पिवळंधमक, लांब जावं तसतसं हिरवं.

बी तर सगळीकडं एकच होतं.

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. माशी त्याच कोपऱ्यातून उठली होती. तिनंच तिला महिनाभर पाणी पाजून पोसलं होतं. काकासाहेब चुकीचं बोलला होता, पण अगदीच खोटं बोलला नव्हता. रोग तिच्या घरातूनच निघाला होता, फक्त पोत्यातून नव्हे.

संध्याकाळी, कल्याण म्हशीची धार काढून उठला तेव्हा तिनं विचारलं, "तू बाईंना न्हाई का म्हनलास?"

"कशाला?"

"मेतल्या हिरव्याला."

कल्याणनं चरवी खाली ठेवली. म्हणजे त्यालाही कळलेलं होतं. "आये, आता उकरू नको. घमेल्यात बी चांगलं निघालं की गाव गप बसंल. गाव गप बसलं की पुढं बी घेत्याल. ह्ये कळलं तर बीबी न्हाई आन भावकीबी न्हाई."

"पन पुढल्या उन्हाळ्यात दुसरं कुनी आसंच हिरवं ठिवलं तर?"

"त्यांचं ते बघत्याल!"

सुरेखा उंबऱ्यात उभी होती. पोरगी तिच्या कडेवर पेंगत होती. ती सासूला कधी उलटून बोलली नव्हती, आताही आवाज चढवला नाही.

"आत्या, मला फडात न्हाई जायाचं. एवढंच मला कळतं."

सून म्हणत होती ते खरं होतं, लेक म्हणत होता ते शहाणपणाचं होतं. आणि तरी त्या रात्री भीमाबाईनं ताटातली भाकरी तशीच दुरडीत परत ठेवली.

पोळ्याच्या सकाळी मारुतीपुढं गाव जमलं. बैल असे गावात सातच उरलेले, पण माणसं सगळी. श्रीमंत मुकादमही मोटारसायकलला टेकून उभा होता. उघड्या घमेल्यातलं तर कालपासूनच सगळ्यांना दिसत होतं. बारा झाडांपैकी सातांना पिवळे ठिपके आले होते. गोरक्षनाथानं मारुतीला हात जोडले आणि दुसऱ्या घमेल्याचा चिखल फोडून धोतर उचललं.

आतली झाडं उजेडाला आचवल्यासारखी लांबट, लुकडी झाली होती. पण पान न् पान हिरवं होतं. एक ठिपका नाही.

"बी चोख हाय!" गोरक्षनाथ असा ओरडला, जणू इतके दिवस तो हेच सांगत फिरत होता.

छबूबाई येऊन भीमाबाईच्या गळ्यात पडली. सुरेखानं पदरानं डोळे टिपले. फडात ते मूल गेलं तेव्हापासून आजवर तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा सैल पडलेला भीमाबाईनं पाहिला नव्हता. मग माणसं बाजूला झाली आणि काकासाहेब पुढं आला. अंगात धुतलेला सदरा, हातात नारळ. तो सगळ्यांसमोर वाकला.

"काकू, चुकलो. तोंडाला येईल ते बोललो. पोटात घाल. पुढल्या वर्साला मला पयलं बी तुझंच."

त्यानं नारळ पुढं केला. भीमाबाईचे हात वर आले आणि मध्येच थांबले. तिनं सुरेखाकडं एकदा बघितलं. कल्याणनं हळूच मान हलवली, नको म्हणून.

"नारळ ठिव, काकासाहेब," ती म्हणाली. "बी चांगलं हुतं, ह्ये खरं. पन रोग माझ्याच रानातनं आला. मेत विहिरीजवळ सांडलेलं सोयाबीन उगवलं हुतं. मला उपटवलं न्हाई. मी त्याला पानी दिलं. त्यात पिवळी पानं हुती, ती मला कळली न्हाईत. माशी तिथं वाढली आन तिथनं तुझ्यात आली, ह्याच्यात गेली, समद्यांत गेली. बाईंनी इचारलं तवा आमी गप बसलो. माझं तोंड उघडं हुतं, पन मी गप बसले."

एका बैलानं मान झटकली तेवढी घुंगरं वाजली. कल्याण जमिनीकडं बघत होता. श्रीमंत मुकादमानं मोटारसायकलचा आरसा उगाच पुसला.

"मे महिन्यात हिरवं कोन उपटतं गं?" छबूबाई शेवटी म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नसावं.

काकासाहेब नारळ हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्या कानशिलावरची शीर फुगली, आणि लोकांना वाटलं आता हा फुटणार. पण तो खाली ओट्यावर बसला.

"ती उपटनार हुती," तो म्हणाला.

"काय?"

"काकू उपटनार हुती. मेच्या अठरा तारखेला, पेरनीसाठी रान मोकळं कराया इळा घिऊन कोपऱ्यात गेल्ती. माझी गाय तवा नुकती व्याली हुती, दूध आटत चाललं हुतं. मी बांधावरनं पळत आलो. म्हनलो, काकू, एवढं ठिव पाऊस पडस्तवर. पाया पडलो मी. रोज एक पेंढी मीच कापून नेत हुतो. गायीनं खाल्लं ते." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाईंनी इचारलं तवा मलाबी आठवलं हुतं."

भीमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. पाया पडल्याचं ती विसरली नव्हती. पण ते आपण सांगायचं नाही, हे तिनं त्या वरंब्यावरच ठरवलं होतं.

"मग आता ह्यो नारळ कुनाला द्यायचा?" काकासाहेबानं विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

"मारुतीला फोड," गोरक्षनाथ म्हणाला. "त्यानं कुनाला बी दिलं न्हाई आन कुनाची पेंढीबी नेली न्हाई."

कोणीतरी हसलं. मग बाकीचे हसले. काकासाहेबानं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा भीमाबाईच्या हातावर ठेवला.

आता गोष्ट इथं संपवली असती तर बरं वाटलं असतं. पण खरं बोललं म्हणून झाडाला शेंगा लागत नाहीत. त्या सुगीला गावात निम्मंही पीक आलं नाही. शेंगांत दाणे भरलेच नाहीत. ज्यांनी पोतं नेलं होतं त्यांनी कोणी अर्धं आणलं, कोणी हात जोडले, आणि भीमाबाईनं कोणाला दारात उभं केलं नाही. दसऱ्यानंतर कल्याण श्रीमंतच्या टोळीत गेला. एकटाच गेला. टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. जोडीला मान, अर्ध्याला राहील ते काम. "अर्धा तर अर्धा," तो ट्रकवर चढताना म्हणाला, "पन सुरेखा घरी ऱ्हाईल." आईशी तो महिनाभर नीट बोलला नव्हता. जाताना मात्र तिच्या पाया पडला.

जानेवारीत भीमाबाईनं उन्हाळी पेरलं नाही. अश्विनीनं फोनवर तसं सांगितलं होतं. बियाण्यासाठी तिनं माळाच्या टोकाची, एकही ठिपका न आलेली झाडं निवडून ठेवली होती. ती झोडपून मोजकीच पोती झाली.

मे आला. कल्याण काळाठिक्कर पडून, वाळून परत आला. त्याच आठवड्यात एक सडाका पडला, आणि कुठं सुगीत सांडलेले दाणे मातीत दडून राहिले होते कोण जाणे, विहिरीकडच्या कोपऱ्यात पुन्हा हिरवे कोंब वर आले. फार नाही, दीडदोन गुंठे. पण सभोवारच्या करपलेल्या रानात ते डोळ्यांना असं गार वाटत होतं की विचारू नका. वीतभर वाढेपर्यंत भीमाबाई रोज जाऊन नुसती बघायची. मग एका सकाळी ती तिथं जाऊन खाली बसली आणि उपटायला लागली.

बांधापलीकडं काकासाहेबाची गाय खुंट्याला होती. हिरव्याचा वास लागताच तिनं दावं ताणलं आणि हंबरडा फोडला. काकासाहेब गोठ्यातून बाहेर आला. बराच वेळ तो बांधावर उभा राहिला. गायीच्या बरगड्या मोजता येत होत्या. भीमाबाईनं वर बघितलं नाही. तिला भीती वाटत होती की हा पुन्हा पाया पडेल, आणि पुन्हा आपल्याच्यानं होणार नाही.

काकासाहेब बांध उतरून आला, तिच्या शेजारच्या ओळीत बसला आणि मुळासकट उपटायला लागला. थोड्या वेळानं कल्याण आला, मग पोरीला घेऊन सुरेखा. दीड तासात कोपरा मोकळा झाला. काकासाहेबानं सगळं एका कवेत उचललं आणि गायीपुढं टाकलं.

"खा, बये. आज पोटभर खा," तो तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "उद्यापास्नं पाऊस पडस्तवर वाळका कडबाच."

गाय मान खाली घालून खायला लागली. भीमाबाईनं हात झटकले आणि कमरेवर हात देऊन उठली. रान आता सगळीकडं एकसारखं मातकट होतं.

"काकू," काकासाहेब म्हणाला, "जूनला मला दोन पोती ठिव."

"दोन न्हाई जमायची. एकच."

"एकात माझं काय हुनार?"

"समद्यांना पुरवायचं हाय," भीमाबाई म्हणाली. "एक मिळंल. आन सावलीत ठिवायचं."